चोविसावा बिल्ला

२ ऑगस्ट

प्रिय म्हातारे,

पत्र लिहिण्यास कारण की तू येत नाहीस. गेल्या वर्षी म्हणालीस मार्चमध्ये येते. कुठला मार्च ते सांगायचं राहिलं असावं. तुझी वहिनी म्हणते, "तुमची बहीण एकवेळ वाचनालय सोडेल, पण वाचनालय तिला सोडायचं नाही." मी म्हटलं, वाचनालयाला तरी दुसरं कोण आहे?

उद्यानाचं रंगकाम संपत आलं. तीन महिने नुसते बाण काढले. धबधब्याकडे, धबधब्याकडे, धबधब्याकडे. आता झोपेतही माझा हात बाण काढतो असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. फाटकाशी मोठा फलक केलाय, त्यावर प्राण्यांची चित्रं, फक्त इथलेच प्राणी. साहेबांनी बजावलं होतं, वाघ-सिंह काढू नका, लोक ते शोधत बसतात आणि मग आम्हाला बोलतात. म्हणून सांबर, साळिंदर, खंड्या आणि पाणमांजर. पाणमांजराच्या मिशा चार वेळा पुसल्या. फाटकावरचे काका बराच वेळ बघून म्हणाले, "पेंटर, हे आमच्या साहेबांसारखं दिसतंय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ते कधी नीट पाहिलेलंच नाही. म्हणून वर जाऊन बसायला लागलो.

धबधबा जिथून पडतो त्याच्या मागे शंभरेक पावलांवर एक डोह आहे. खाली इतका आवाज आणि तिथे पाणी अगदी गप्प. पाच वाजता उन्हं खडकावरून उतरली की ती येतात. चार आहेत. मासा दोन्ही हातांत धरतात आणि मान तिरपी करून खातात, तू मक्याचं कणीस खायचीस ना, अगदी तस्सं, कुणी काढून घेईल अशा घाईने.

आणि तुला आवडेल अशी एक गोष्ट. धबधब्याच्या वाटेला जाताना फाटकावर पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, उतरून आलं की फळीवर आपापल्या खिळ्याला लावायचा. सहाला एखादा खिळा रिकामा दिसला की काका शिट्टी घेऊन वर जातात. तुमच्याकडे पिशव्यांचे बिल्ले असतात तशीच पद्धत. एक ते साठ आकडे मीच रंगवलेत. दोन बिल्ले मीच हरवले आणि मीच पुन्हा केले.

ये आता.

दादा


१९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चुका शोधायला. एकही सापडली नाही, याचा अर्थ वहिनीने आधी तपासलं होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी येते. त्यानंतर आठ दिवसांनी पुस्तकांची वार्षिक मोजणी आहे आणि ती माझ्यावर आहे, म्हणून दुसरा रविवारच. सकाळच्या बसने येईन, संध्याकाळी परत. वहिनीची रात्रपाळी असेल तर तिला झोपू दे, माझ्यासाठी उठवू नकोस.

हे कळव: वाट किती चढाची आहे, बूट कुठले घालू, परतीच्या बसेस किती वाजता आहेत. हसू नकोस. मला आधी माहीत असलेलं बरं वाटतं.

डायरीत त्या तारखेला "दादाकडे" लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. म्हणजे आता रद्द होणार नाही.

तुझी
म्हातारी


२५ ऑगस्ट (कार्ड)

बूट: जुने. चढ: तुझ्या वयाला झेपेल, स्वभावाचं सांगता येत नाही. बस: चार, साडेपाच, सव्वासात. चारची धरू नकोस. पाचला यायचं त्यांनी ठरवलंय, मी तुझं नाव सांगून ठेवलंय.

दादा


३० ऑक्टोबर

वन्सं,

हा शब्द तुला जुनाट वाटतो म्हणून चिडवायला वापरायचे. आता सवयीने आला, राहू दे.

दीड महिना झाला त्याला जाऊन. तू पुन्हा आलीस, चार दिवस राहिलीस, तेव्हा आपण दोघी धड बोललो नाही. घर माणसांनी भरलेलं होतं आणि तू सारखी कपबशा विसळत होतीस. आता घरात मी आणि रंगाचे डबे आहोत. सगळ्यांची झाकणं दाबून बसवली. पांढरा तरी वाळलाच.

कामाचं लिहिते. डॉक्टरांचा कागद आला. मी वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, मला असले कागद कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. डोहाच्या कडेला पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, अर्धा पाण्यात होता. धबधब्याच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? पण लगेच गेला नाही तो. पहाटेपर्यंत होता. सहा वाजता कुणी वर गेलं असतं, अगदी आठ वाजता गेलं असतं, तरी मी आज त्याला काठी घेऊन चालायला शिकवत असते. मांडीचं हाड म्हणजे काय ग? दर महिन्याला चार येतात आमच्याकडे.

आणि वर कुणीच गेलं नाही. फाटकावरच्या काकांनी सहाला कुलूप लावलं आणि घरी गेले. म्हणतात, फळी भरलेली होती, साठच्या साठ. भरलेली कशी असेल? माणूस वर आणि बिल्ला खाली? घरी जायची घाई, म्हणून सकाळी बोभाटा झाल्यावर त्यांनीच त्याच्या खिशातला बिल्ला काढून लावला असणार. हे मी लेखी दिलंय. चौकशी लागली आहे. त्यांना कामावरून थांबवलंय.

मी तरी काय केलं? संध्याकाळी ड्यूटीला निघताना घर रिकामं होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, भाऊ-बहीण बसलेत गप्पा मारत, ती सव्वासातनेच जाईल.

त्याला शेवटचं पाहिलेलं माणूस तू आहेस. एक कागद लिहून पाठव. तू किती वाजता निघालीस, आणि तू निघालीस तेव्हा त्याचा बिल्ला त्याच्याकडे होता. एवढंच. तुझ्यासारख्या काटेकोर बाईच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही.

वहिनी


९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं नाही.

मी तीन दहाला डोहावरून निघाले, पावणेचारला फाटकावर होते, चारची बस पकडली. हे डायरीत आहे, त्यामुळे खात्रीने लिहिते. बाकीचं मला नीट आठवून लिहायचं आहे. घाईने लिहिलेल्या कागदाने कुणाचं नुकसान होऊ नये.

एक विचारू का? काकांबद्दल तुझी इतकी खात्री कशावरून आहे? दादा त्यांच्याबद्दल नेहमी आपुलकीने लिहायचा. त्यांनी फळी भरलेली पाहिली असेल आणि खरंच तसं असेल, असं होऊ शकत नाही का? मी फक्त विचारते आहे.

पांढऱ्या रंगात थोडं टर्पेंटाइन घालून बघ. साय काढून टाकली तर खालचा कधीकधी ओला असतो.

तुझी नणंद


१७ नोव्हेंबर

वन्सं,

टर्पेंटाइन! मी तुझ्याकडे चार ओळींचा कागद मागितला, तू मला रंग पातळ करायला शिकवतेस. पेंटरची बायको आहे मी.

तुझं पत्र वाचून इतका संताप आला की ड्यूटी संपवून तशीच काकांच्या घरी गेले. उद्यानाच्या वसाहतीतली खोली, तीही सोडावी लागेल म्हणतात. दारात खुर्ची टाकून बसले होते, अंगात गणवेश नाही, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. उठून उभे राहिले.

मी म्हटलं, "काका, खरं सांगा, मी तक्रार मागे घेईन."

"फळी भरलेली होती, सिस्टर."

"त्याचा चोवीस नंबरही?"

"चोवीसही."

"मग तो बिल्ला काय पायांनी चालत आला?"

ते म्हणाले, "मी फळी बघितली, माणसं नाही मोजली. चूक माझी आहे. लिहा तसं." आणि मला पाणी आणायला आत गेले. मी पाणी न पिता निघून आले. एवढा पडलेला चेहरा करून कुणी खोटं बोलत असेल तर नाटकात जावं त्यांनी.

पण मला दया यायला नको आहे, कळतंय का तुला? मला कुणीतरी हवंय. कुणीतरी एकाने काहीतरी केलं, म्हणून हे झालं, असं हवंय. नाहीतर तो नुसताच घसरला, आणि मी त्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी नवऱ्याचं बँडेज बदलत होते, एवढंच उरतं.

तू कुणाच्या बाजूने आहेस ते ठरव. चौकशी चौदा डिसेंबरला आहे. कागद त्याआधी पाठव.

वहिनी


२४ नोव्हेंबर

वहिनी,

मी हे पत्र पाच वेळा लिहिलं. आधीच्या चारांत मी माझ्याविषयी वाईट लिहिण्यात इतकी रमले होते की मुख्य गोष्ट तिसऱ्या पानावर जात होती. म्हणून ती इथेच लिहिते. चोवीस नंबरचा बिल्ला मी लावला.

आता क्रमाने.

फाटकावर त्याने दोन बिल्ले घेतले. तेवीस मला दिला, मग चोवीसही माझ्याच हातात ठेवला. म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे राहिला तर आणखी एक रंगवावा लागेल." दोन्ही माझ्या पर्समध्ये गेले. लहानपणापासून त्याच्या वस्तू माझ्याकडे असायच्या, तुला ठाऊक आहे. सहलीचे पैसेसुद्धा. सात वर्षांनी मोठा भाऊ, आणि त्याचे पैसे माझ्या कंपासपेटीत.

वर जाताना त्याने मला प्रत्येक बाण दाखवला. एक बाण झाडाच्या वाढीने वाकडा झालाय, तो आकाशाकडे बघतो. म्हणाला, "हा सरळ करत नाही, लोकांना इथे वर बघावंसं वाटतं." मी वर पाहिलं. झाडावर एक धनेश बसला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दादा मात्र त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

डोहावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. माझ्या बुटांत पाणी गेलं होतं. तीन वाजता मी म्हटलं, निघते, चारची पकडते, उद्या मोजणी आहे. वहिनी, मोजणीला अजून आठ दिवस होते आणि मी ते त्याला पत्रात कळवलेलं होतं. त्याची आठवण चांगली होती. तो म्हणाला, "मोजणी म्हणजे मोजणी. जा. मी बसतो, त्यांना सांगतो तू येऊन गेलीस." एवढंच. त्याने मला खोटं पकडल्याचं दाखवलंही नाही.

का निघाले याचं कारण शोधते आहे दोन महिने. मोठं कारण नाही. पाय ओले होते आणि घरी जाऊन एकटीने बसावंसं वाटत होतं. भांडण झालं असतं तर मला आज सोपं गेलं असतं.

खाली आले. फळीसमोर उभी राहिले. वर त्याच्या अक्षरात लिहिलेलं: बिल्ला परत लावल्याशिवाय बाहेर जाऊ नये. तेवीस लावला. शेजारचा खिळा रिकामा होता. बावीस वर्षं वाचनालयाच्या दारात मी हेच काम करते आहे. रिकामा खिळा दिसला की हात जातो. पर्समधून चोवीस काढला आणि लावला. तो सरळ लोंबतोय ना हेही पाहिलं.

इथवरची चूक हाताने केली. मला वाटतं हे मी कसंबसं सोसलं असतं. पुढचं हाताने केलेलं नाही.

चार चाळीसला बस तिठ्यावर थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. तिकीट नीट ठेवायला मी पर्स उघडली आणि बिल्ल्यांचा कप्पा रिकामा दिसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अगदी स्पष्ट लक्षात आलं. चहाच्या दुकानात फोन होता. उद्यानाचा नंबर प्रवेशाच्या पावतीवर छापलेला होता आणि पावती माझ्या हातात होती. दहा मिनिटं होती.

मी फोन केला नाही. मला वाटलं, दादा खाली उतरेल, काका त्याला सांगतील, तुमच्या बहिणीने तिठ्यावरून फोन करून बिल्ल्याची चूक कळवली. दादा हसेल. तुला सांगेल. मग माझ्या पत्रांतल्या बुटांच्या आणि बसच्या प्रश्नांच्या शेजारी हीही गोष्ट जाऊन बसेल. पिशवीला दोन गाठी मारणारी, कुलूप ओढून बघायला जिन्यावरून परत येणारी म्हातारी. मला त्या दिवशी तशी बाई व्हायचं नव्हतं. म्हटलं, एवढं काय, तो काही लहान नाही, उतरेल आणि घरी जाईल.

त्या दिवशीच्या डायरीतलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझ्यापासून लपवलं तर बाकी सगळं लिहूनही खोटं होईल. "बिल्ल्यासाठी फोन केला नाही. सुधारते आहे मी."

काकांनी काहीही केलेलं नाही. या पत्रातल्या बिल्ल्याच्या भागाची प्रत मी चौकशीच्या साहेबांना आजच्याच टपालाने पाठवली आहे. तुझं उत्तर येईपर्यंत थांबले असते तर मी ती पाठवली नसती, हे मला माझं माहीत आहे.

तू कपबशांचं लिहिलंस. माझे हात रिकामे राहिले असते तर मी तुला त्याच दिवशी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. खरं असेलच असं नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.


१० जानेवारी

वहिनी,

चौकशीच्या कचेरीतून पत्र आलं. काकांना परत घेतलं. तुला कळलंच असेल.

उत्तरासाठी लिहीत नाही. दादाचं ऑगस्टमधलं पत्र आणि ते बसचं कार्ड माझ्याकडे आहे. ती तुझ्याकडे असायला हवीत असं मला वाटतं, म्हणून सोबत पाठवते. पत्राची नक्कल ठेवलेली नाही. कार्डाची गरज नाही, पाठ आहे.


२ एप्रिल

वर काही लिहिलेलं नाही ते रागाने नाही. बराच वेळ पेन धरून बसले. वन्सं लिहवेना, नाव लिहवेना. तसंच सुरू करते.

तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचलं आणि मी ते रंगाच्या डब्याखाली ठेवलं. जाळलं नाही. जानेवारीत तू पाठवलेलं सगळं त्याच्यावर ठेवलं. चार महिने कुणी विचारलं, नणंद काय म्हणते, तर मी म्हणायचे, तिला मोजणी आहे.

काकांकडे गेले होते. माफी मागायला हवीच होती. फाटकावर होते, गणवेशात. मी बोलायच्या आधी त्यांनी खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, "काका, मी तुमच्यावर नाही नाही ते लिहिलं."

"तुमच्या जागी मी असतो तर मारायला आलो असतो."

मग मी विचारलं, बिल्ला कुणी लावला ते तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? ते फळीकडे बघत राहिले. म्हणाले, "पाहिलं होतं, सिस्टर. ताईंनी दोन बिल्ले लावले, माझ्यासमोर. मला वाटलं, पेंटर मागच्या पायवाटेने आधीच बाहेर पडले, बहिणीला बसपर्यंत सोडायला. विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही, कारण फळी भरली होती."

"मग चौकशीत का नाही बोललात? खोली गेली असती तुमची."

"फळी भरलेली होती असं खरं तेच बोललो. कुणी भरली ते कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होतो? एक भाऊ गेला होता त्यांचा. वर ते पण द्यायचं?"

हे तुला कळवायला हवं असं मला वाटलं. तू ज्याला वाचवायला लिहिलंस तो तुलाच वाचवत होता. मी दोघांवर रागावलेली होते, आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे एकमेकांना सांभाळत होतात. मला कुणी सांभाळलं नाही. हे लिहून टाकलं, आता पुन्हा लिहिणार नाही.

मला हवं होतं ना कुणीतरी. मिळालं. आणि मिळून काही झालं नाही. घर तेवढंच रिकामं आहे.

माफीचं विचारशील. तू विचारलेलं नाहीस, पण तू विचारत असशील, डायरीत. नाही जमत. बिल्ल्याचं कधीच माफ झालं. बिल्ला मीही लावला असता. हॉस्पिटलात मी दिवसाला शंभर गोष्टी हाताने करते, डोक्याने नाही. मोजणीचंही माफ झालं. तो मला सगळ्या बहाण्यांत पकडायचा आणि गप्प बसायचा, तुला एकटीलाच तसं वागवलं असं समजू नकोस.

ती दहा मिनिटं नाही जमत.

तू फोन केला असतास तर तो नक्की हसला असता. अगदी पोट धरून. प्लास्टर घातलेला पाय वर टांगून वॉर्डातल्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली असती. डॉक्टर फेरीला आले की त्यांना, झाडूवाल्या मावशींना, पलीकडच्या कॉटवरच्याला. "माझी बहीण, तिठ्यावरून फोन, बिल्ल्यासाठी!" मी म्हटलं असतं, पुरे आता, सतरा वेळा ऐकलं. तू त्या हसण्याला घाबरलीस. मला ते हसणं हवं होतं ग. मला तेवढंच हवं होतं.

परवा सुट्टी होती. पहिल्यांदा वर गेले. फाटकावर बिल्ला घेतला, एकच. नंबर बघितला नाही. बाण बघत गेले. आकाशाकडे वाकलेला तो बाण तसाच आहे. मी वर बघितलं, धनेश-बिनेश काही नव्हतं, नुसती फांदी. त्याने तुला तुझ्यासाठी म्हणून दाखवलेलं मला फुकट कसं दिसेल?

धबधब्याला पाणी कमी झालंय या दिवसांत, एका दोरीएवढं. मागचा डोह मात्र भरलेला आहे. कुठल्या खडकावर ते मी काकांना विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. बसले. पाच वाजले. काही आलं नाही. मनात म्हटलं, बघ, तुझ्या थापा. सव्वापाचला पलीकडच्या मुळांखालून पहिलं डोकं वर आलं. मग तीन. मग दोन अगदी लहान, ती त्याने पाहिलेली नाहीत. म्हणजे आता सहा आहेत. त्याने चार लिहिलंय. तुला बरोबर आकडा लागतो म्हणून कळवते.

मासा खरंच तसाच खातात. तुला कणीस खाताना मी कधी पाहिलेलं नाही, आपली ओळख झाली तेव्हा तू मोठी होतीस. पण बघितल्याबरोबर तुला ओळखलं असं वाटलं. मी मोठ्याने हसले आणि ती सगळी बुडाली. मग वर आलीच नाहीत. मी सहापर्यंत तिथे बसून रडले, कुणाला ऐकू गेलं नसेल. तिथून फाटक किती लांब आहे ते तुला माहीत आहे.

उतरून बिल्ला लावला. काका फळीकडे बघत नव्हते. आता ते एकेका माणसाला चेहऱ्याने मोजतात, नाव विचारतात, फळी नंतर बघतात. लोक वैतागतात, त्यांना म्हणतात, म्हातारा फार काटेकोर झालाय.

दुसऱ्यांदा तिकडे एकटीने जायची माझी हिंमत नाही. काकांना वर चढवत नाही आणि वॉर्डातल्या मैत्रिणींना डोहाशी काय घेणं. असं एकच माणूस आहे जिला ती जागा कुठे आहे ते सांगावं लागणार नाही. मला तिच्याशी बोलायची इच्छा आहे असं मी म्हणत नाही. शेजारी बसायला हरकत नाही, एवढंच म्हणते.

स्टँडवर चौकशी केली. साडेपाचची बस बंद झाली, सव्वासातचीही. आता चारचीच शेवटची आहे. तेव्हा आलीस तर राहावं लागेल.

वहिनी